डोस टोचण्याआधी: न्यूक्लिअर मेडिसिनचं काम कसं शिकावं

न्यूक्लिअर मेडिसिन विभागात नव्यानं रुजू झालेल्या मुलामुलींची नजर आधी कॅमेऱ्यावर जाते. साहजिकच आहे. यंत्र मोठं असतं, आणि पडद्यावर हळूहळू उमटणारा सांगाडा पाहून कुणीही हरखून जाईल. तरीही माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्यांना मी आधी हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी डोस तयार होतो त्या खोलीत, उभं करते, मग टोचण्याच्या खोलीत, आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. मी पाहिलेले बिघडलेले स्कॅन बहुतेक करून पेशंट टेबलावर झोपण्याच्या आधीच बिघडलेले होते.

एक्स-रेमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि शरीरातून आरपार जातात. चित्र हललं तर दुसरं काढता येतं. आपल्याकडे किरण पेशंटच्या शरीरातून बाहेर येतात, कारण किरणोत्सारी औषध आपणच त्याच्या शिरेत सोडलेलं असतं. ते परत काढून घेता येत नाही. चुकीचं औषध गेलं, ते शिरेबाहेर गेलं, किंवा पेशंट खाऊन आला होता हे नंतर कळलं, तर नवा दिवस, नवा डोस, आणि त्या माणसाला पुन्हा किरणोत्सर्ग. म्हणून या लेखात माझा सगळा भर टोचण्याआधीच्या वेळेवर आहे.

घड्याळ आधी शिका

आपला रोजचा सोबती टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ तास. १ तासानं ८९ टक्के उरतं, २ तासांनी ७९, ३ तासांनी ७१, ६ तासांनी ५०. हे आकडे पाठ करा. संगणक हिशेब करून देतो हे खरं, पण त्यात वेळ चुकीची टाकली गेली तर आकडा विचित्र आहे हे ओळखणारं डोकं तुमचंच हवं. समजा १० वाजता ७४० मेगाबेकरेल (किरणोत्साराचं एकक) द्यायचे आहेत आणि सिरिंज तुम्ही ८ वाजता भरताय. तर ८ वाजता सिरिंजमध्ये सुमारे ९३२ मेगाबेकरेल हवेत. पेशंट १ वाजता आला, तर त्याच सिरिंजमध्ये साधारण ५२३ उरलेले असतील. अशी दोन-चार गणितं रोज कागदावर करा, महिनाभरात अंदाज बोटांवर येतो.

पेट-सीटी स्कॅनमध्ये वापरलं जाणारं फ्लोरिन-१८ आणखी घाईचं. अर्धायुष्य ११० मिनिटं. पेशंट ४० मिनिटं उशिरा आला की डोसचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग संपलेला असतो. म्हणून दिवसाची यादी लावताना नुसती नावं एकाखाली एक लिहू नका. कोणाला शिर सापडायला वेळ लागेल, कोणाची साखर जास्त निघण्याची शक्यता आहे, कोण वॉर्डातून स्ट्रेचरवर येणार, हे आदल्या दिवशी फोन करून विचारा. त्या फोनवर घालवलेली दहा मिनिटं दुसऱ्या दिवशी दामदुप्पट परत मिळतात.

हॉट लॅबमधली सकाळ

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली सापडलं. अमेरिकेतल्या बर्कलीच्या सायक्लोट्रॉनमध्ये, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रात, मारा झालेल्या मॉलिब्डेनमच्या तुकड्यात एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी ते इटलीतल्या पालेर्मोत ओळखलं. पण रुग्णालयात ते रोज हाताशी यायला लागलं ते अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस जनरेटर तयार झाल्यानंतर. आजही तत्त्व तेच आहे. अ‍ॅल्युमिनाच्या स्तंभावर मॉलिब्डेनम-९९ घट्ट बसलेलं असतं. ते ६६ तासांच्या अर्धायुष्यानं विघटन पावतं आणि त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं. वरून सलाइन, खाली निर्वात व्हायल. सलाइन स्तंभातून खेचली जाते आणि सोबत टेक्नेशियम घेऊन येते, मॉलिब्डेनम मागे राहतं. यालाच एल्युशन म्हणतात.

मागे राहायला हवं, असं म्हणणं जास्त बरोबर. प्रत्येक एल्युशननंतर मॉलिब्डेनम किती झिरपलं ते मोजायचंच. व्हायल शिशाच्या जाड भांड्यात ठेवून डोस कॅलिब्रेटरमध्ये, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्रात, धरायची. टेक्नेशियमचे १४० केईव्हीचे (हे किरणांच्या ऊर्जेचं एकक) किरण शिशात अडतात, मॉलिब्डेनमचे ७४० केईव्हीचे बाहेर येतात, आणि तेच आकड्यात दिसतात. अनेक ठिकाणी पाळली जाणारी मर्यादा १ मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम अशी आहे (क्युरी हे किरणोत्साराचं जुनं एकक). इथे एक गोष्ट नवे लोक हमखास विसरतात: ही मर्यादा टोचण्याच्या वेळची आहे, एल्युशनच्या वेळची नाही. टेक्नेशियम भराभर कमी होतं, मॉलिब्डेनम सावकाश. सकाळी ०.१० असलेलं प्रमाण ६ तासांनी ०.१९च्या आसपास पोचतं. सकाळी उत्तीर्ण झालेली व्हायल दुपारी नापास होऊ शकते. दुपारच्या पेशंटसाठी तीच व्हायल उचलण्याआधी हा हिशेब करा.

सुट्टीनंतरच्या पहिल्या एल्युशनबद्दलही सावध राहा. स्तंभ दोन-तीन दिवस तसाच पडून असला की त्यात ९९एमच्या विघटनातून उरणारं टेक्नेशियम-९९ साठतं. ते चित्रात दिसत नाही, पण किटमधल्या (टेक्नेशियम मिसळायच्या तयार व्हायलमधल्या) औषधाला चिकटण्यासाठी आपल्या ९९एमशी स्पर्धा करतं. मेंदूच्या स्कॅनसाठीच्या एचएमपीएओसारख्या नाजूक किटला ते सोसत नाही. त्यासाठी ताजं, आधीच्या एल्युशननंतर २४ तासांच्या आत काढलेलंच टेक्नेशियम घ्यावं.

किट बनवताना व्हायलमध्ये हवा जाऊ देऊ नका. किटमध्ये कथिलाचा क्षार असतो, तो टेक्नेशियमला औषधाशी जोडायला मदत करतो. हवेतल्या ऑक्सिजननं तो निकामी झाला की टेक्नेशियम सुटं राहतं. हे सुटं टेक्नेशियम कुठे जातं ते लक्षात ठेवा: थायरॉइड, लाळग्रंथी, जठर. हाडांच्या स्कॅनमध्ये गळ्यात फुलपाखरू आणि डाव्या बरगड्यांखाली जठराचा ढग दिसला, तर पेशंटमध्ये नवा आजार शोधण्याआधी आपल्या किटची शुद्धता तपासा. खरं तर ती टोचण्याआधीच तपासायची असते. कागदाच्या पट्टीवरची ती चाचणी काही मिनिटांची आहे आणि घाईच्या सकाळी पहिली कात्री तिलाच लागते. लावू नका.

डोस कॅलिब्रेटरही रोज तपासायचा. सिझियम-१३७चा स्रोत त्यासाठी उत्तम, कारण त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं आहे. काल जो आकडा आला तोच आज यायला हवा. आणि सिरिंज आत सोडण्याआधी आयसोटोपचं, म्हणजे किरणोत्सारी द्रव्याच्या प्रकाराचं, बटण कोणतं दाबलंय ते मोठ्यानं वाचा. फ्लोरिनच्या बटणावर टेक्नेशियम मोजलं तर यंत्र तक्रार करत नाही, मुकाट्यानं चुकीचा आकडा देतं.

स्वतःला कसं जपायचं

वेळ, अंतर, आडोसा ही त्रिसूत्री सगळ्यांना पाठ असते. मी तिच्यातल्या अंतरावर सगळ्यात जास्त बोलते, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि परिणाम प्रचंड असतो. बिंदूएवढ्या स्रोतापासून १ सेंटिमीटरवर असलेली बोटं १० सेंटिमीटरवर गेली की मात्रा शंभरपटीनं उतरते. म्हणून व्हायल बोटांनी नाही, चिमट्यानं उचलायची. सिरिंज शील्डमुळे हात अवघडतो, शिरेत रक्त आलेलं नीट दिसत नाही, या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्या सवयीनं जातात. त्यासाठी मी नव्यांना साध्या सलाइननं भरलेली सिरिंज, शील्ड आणि चिमटा देऊन सगळी क्रिया करून घेते, हात आपोआप चालेपर्यंत. किरणोत्सारी द्रव हातात येईल तेव्हा विचार करत थांबायला वेळ नसतो.

आडोसा आयसोटोपप्रमाणे बदलतो हे समजून घ्या. टेक्नेशियमचे किरण निम्मे करायला पाव मिलिमीटरच्या आसपास शिसं पुरतं. पेटच्या ५११ केईव्हीला ४ ते ५ मिलिमीटर लागतं. एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन घालून एफडीजी (फ्लोरिन-१८ जोडलेली साखर, पेटचं औषध) टोचायला जाणाऱ्याला वाटतं आपण सुरक्षित आहोत. त्या एप्रननं फार थोडं अडतं, आणि वजनानं चाल मात्र मंदावते. तिथे टंगस्टनचं शील्ड आणि झटपट हात हेच कामाचे.

अंगावर पडणारी मात्रा मोजणारा डोसिमीटर बॅज छातीवर, तशीच अंगठी तर्जनीच्या मुळाशी, हातमोज्याच्या आत, संवेदक तळहाताच्या बाजूला. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं कर्मचाऱ्यांसाठी सुचवलेली मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचं एकक) आहे, कोणत्याही एका वर्षात ५० पेक्षा जास्त नाही. हातांसाठी वर्षाला ५००. बॅज काढून खिशात ठेवू नका. आकडा वाढला तर ओरडा बसेल या भीतीनं बॅज लपवणारे लोक असतात, आणि मग त्यांच्या कामात नेमकं काय चुकतंय हे कुणालाच कळत नाही. सहकारी मुलींना एक कळकळीचं सांगणं: गर्भधारणा कळल्याबरोबर वरिष्ठांना लेखी कळवा. पोटातल्या बाळासाठी उरलेल्या संपूर्ण काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा धरतात, आणि तुम्ही कळवल्याशिवाय कामाची वाटणी बदलत नाही.

पेशंटशी आधी बोला, मग टोचा

टोचल्यावर पेशंट स्वतःच किरणांचा स्रोत होतो. म्हणून सगळ्या गप्पा, सगळ्या शंका, सगळी समजूत आधी. स्कॅन किती वेळ चालेल, यंत्र किती जवळ येईल, मध्ये लघवीला जाता येईल का, घरी लहान मूल असेल तर काय करायचं, हे सगळं खुर्ची ओढून, समोर बसून सांगा. मग टोचल्यानंतर तुम्ही दोन पावलं लांब उभ्या राहिलात तरी आजींना तुम्ही तुटक वागताय असं वाटत नाही. मी हे तंत्र म्हणून शिकवते, पण त्याहून मोठं आहे ते. यातल्या कित्येकांना कॅन्सर पसरलाय का, एवढं एकच कळायचं असतं, आणि ‘किरणोत्सारी’ हा शब्द ऐकून ते आणखी घाबरलेले असतात.

नाव विचारताना ‘तुम्हीच अमुक ना?’ असं कधी विचारू नका. घाबरलेला किंवा कमी ऐकू येणारा माणूस सरळ हो म्हणतो. ‘तुमचं पूर्ण नाव काय? जन्मतारीख सांगता का?’ असं विचारा आणि कागदाशी ताडून पाहा. कोणत्या तपासणीसाठी आलात, हेही त्यांच्याच तोंडून येऊ द्या. ‘कंबर दुखते म्हणून’ असं उत्तर आलं आणि कागदावर थायरॉइडचा स्कॅन असेल, तर थांबा.

गरोदरपणाचा प्रश्न एकांतात विचारायचा. सासू, नवरा, आई शेजारी असताना खरं उत्तर येईलच असं नाही. अंगावर दूध पाजत असतील तर टेक्नेशियमच्या बऱ्याच तपासण्यांनंतर थोड्या काळापुरता खंड पुरतो. आयोडिन-१३१ द्यायचं असेल तर त्या बाळासाठी अंगावरचं पाजणं पूर्ण बंदच करावं लागतं. हे डोस हातात आल्यावर सांगायचं नसतं, तारीख देतानाच सांगायचं.

पुढे प्रत्येक तपासणीचे आपले प्रश्न. थायरॉइडच्या पेशंटला अलीकडे आयोडिनचा कॉन्ट्रास्ट देऊन सीटी झालाय का ते विचारा. झाला असेल तर ग्रंथी आधीच आयोडिननं भरलेली असते आणि आपलं औषध फारसं घेतच नाही. हृदयाचा स्ट्रेस स्कॅन औषधानं करायचा असेल तर चहा, कॉफी, कोला, चॉकलेट आदल्या दिवसापासून बंद, कारण कॅफिन अ‍ॅडेनोसिनचा आणि डायपिरिडामोलचा, म्हणजे त्या स्ट्रेसच्या औषधांचा, परिणाम रोखतं. ‘कॉफी घेतली का?’ एवढंच विचारलंत तर ‘नाही’ येईल, आणि सकाळी घेतलेली डोकेदुखीची गोळी राहून जाईल. काही वेदनाशामक गोळ्यांतही कॅफिन असतं.

एफडीजीसाठी किमान ६ तास उपाशी, आणि बहुतेक ठिकाणी रक्तातली साखर २०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आत. इन्सुलिन नुकतंच घेतलेलं असेल तर औषध स्नायूंत ओढलं जातं आणि गाठ फिकी पडते. टोचल्यावर साधारण तासभर शांत पडून राहायचं. नुसतं ‘आराम करा’ म्हणून सोडून देऊ नका, का ते सांगा: बोलत राहिलं तर स्वरयंत्राचे स्नायू उजळतात, थंडी वाजली तर मानेजवळची तपकिरी चरबी उजळते, आणि डॉक्टरांना ती गाठ आहे की काय असा प्रश्न पडतो. खोली उबदार ठेवा, पांघरूण आधीच द्या, आणि फोन बाजूला ठेवायला लावा. कारण कळलं की माणसं मनापासून सहकार्य करतात.

टोचताना

शक्य असेल तिथे आधी कॅन्युला लावा, सलाइन सोडून शिर खरंच उघडी आहे याची खात्री करा, मगच डोस जोडा. आजार एका बाजूला असेल तर दुसऱ्या हाताला टोचा. जागा लिहून ठेवा. औषध थोडं जरी शिरेबाहेर गेलं असेल तरी नोंद करा. काखेतली गाठ उजळली तर ती आजारामुळे की झिरपलेलं औषध लसिकावाहिनीतून तिथे पोचल्यामुळे, हे त्या एका ओळीवर ठरतं. शेवटी रिकामी सिरिंज पुन्हा मोजा. भरलेली वजा उरलेली, तोच खरा डोस.

फुप्फुसांच्या स्कॅनचे कण वेगळी काळजी मागतात. सिरिंज हलक्या हातानं फिरवून कण मिसळून घ्या, पेशंटला उताणं झोपवा, आणि सिरिंजमध्ये रक्त ओढू नका. रक्तात कणांच्या गुठळ्या होतात आणि फुप्फुसात नसलेले तेजस्वी ठिपके दिसतात.

मला स्वतःला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतो तो मूत्रपिंडांचा स्कॅन. कारण तिथे टोचणं आणि चित्र एकाच क्षणी सुरू होतं. पेशंटला अर्धा तास आधी भरपूर पाणी पाजलेलं हवं; शरीर कोरडं असेल तर चांगलं मूत्रपिंडही आळशी दिसतं. मूत्राशय रिकामं करून झोपवा. मूत्रपिंडं आणि मूत्राशय दोन्ही चौकटीत आहेत ना, ते पाहा. कॅमेरा आधी सुरू करा, मग औषध एका दमात सोडा आणि मागोमाग सलाइन. हळूहळू टोचलंत तर रक्तप्रवाहाचा आलेख पसरट होतो आणि पहिल्या मिनिटाची सगळी माहिती जाते. निचरा अडलाय का हे पाहायला फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध देतात. ते नेमकं कोणत्या मिनिटाला दिलं ते लिहा, नाहीतर आलेखाचा उतार वाचता येत नाही. आणि शेवटी पेशंटला उठवून, चालवून, लघवी करायला लावून पुन्हा एक चित्र घ्या. झोपलेल्या अवस्थेत साचलेलं मूत्र नुसतं उभं राहिल्यानं उतरतं, आणि अडथळ्याची शंका तिथेच मिटते. नेहमी दिसतं असं.

कॅमेऱ्यापाशी

हॅल अँगर यांनी १९५०च्या दशकात बर्कलीत बनवलेल्या गॅमा कॅमेऱ्याची मूळ कल्पना अजून टिकून आहे: स्फटिक, त्यामागे प्रकाश टिपणाऱ्या नळ्या, पुढे शिशाची जाळी म्हणजे कॉलिमेटर. रोज पहिल्या पेशंटआधी कोबाल्ट-५७च्या सपाट स्रोतानं एकसारखेपणा तपासा. एखादी नळी ढेपाळली असेल तर गोल थंड डाग दिसतो. स्पेक्टमध्ये, म्हणजे कॅमेरा पेशंटभोवती फिरवून घेतलेल्या स्कॅनमध्ये, त्याच डागाची वलयं होतात. आकडा मर्यादेत आहे म्हणून चित्र न पाहता पुढे जाऊ नका.

कॉलिमेटर डोसप्रमाणे. टेक्नेशियमला कमी ऊर्जेचा, आयोडिन-१३१च्या ३६४ केईव्हीला जास्त ऊर्जेचा. कॅमेरा अंगाला टेकेल इतका जवळ आणा, कारण दर सेंटिमीटरला तीक्ष्णता कमी होते. पेशंटला आधी सांगितलेलं असेल तर तो दचकत नाही. स्पेक्ट संपल्यावर पेशंटला उठू देण्याआधी कच्च्या चित्रांची मालिका फिरवून पाहा. हालचाल झाली असेल तर ती त्याच वेळी दुरुस्त करता येते.

हाडांचा स्कॅन टोचल्यावर २ ते ४ तासांनी. मधल्या वेळात पाणी भरपूर, आणि टेबलावर येण्याआधी लघवी. श्रोणीजवळ किंवा मांडीवर अनपेक्षित तेजस्वी ठिपका दिसला तर कपडा बदलायला लावा, जागा पुसून घ्या, पुन्हा चित्र काढा, आणि बाजूनंही एक काढा. लघवीचा एक थेंब हाडातल्या डागासारखा दिसू शकतो. हे आपण तिथेच केलं नाही तर अहवालात ‘शंकास्पद’ लिहिलं जातं, आणि एक कुटुंब त्या शब्दासह घरी जातं.

सांडलं तर, आणि दिवसअखेर

सांडल्यावर पहिलं काम इतरांना सांगणं आणि लोकांना थांबवणं. शोषक कागद टाका, हातमोजे आणि बुटांवरची आवरणं घाला, बाहेरून आत पुसत या म्हणजे डाग पसरत नाही. त्वचेवर उडालं तर कोमट पाणी आणि साबण, हळुवार हातानं. घासून कातडी सोलवटली तर औषध आत जायला वाट मिळते.

निघण्याआधी टेबलं, दारांच्या मुठी, संगणकाचा कीबोर्ड, फोन यांवर मीटर फिरवा. डाग सापडतो तो बहुधा कीबोर्डवर, कारण हातमोजे न काढता टंकलेखन करण्याची सवय सगळ्यांनाच लागते. कचरा आयसोटोपनिहाय वेगळा, पिशवीवर नाव आणि तारीख. १० अर्धायुष्यांनंतर हजारातला साधारण एक भाग उरतो: टेक्नेशियमसाठी अडीच दिवस, आयोडिन-१३१साठी ८० दिवस. पिशवी बाहेर काढण्याआधी मीटर लावून आकडा पार्श्वभूमीइतका आला ते वहीत लिहा, जुन्या किरणोत्सर्गाच्या खुणा खोडा, आणि मगच ती साध्या वैद्यकीय कचऱ्यात जाऊ द्या. दोन्ही आयसोटोप एकाच पिशवीत गेले असतील, तर अख्खी पिशवी ८० दिवस ठेवावी लागते. म्हणून प्रत्येक टेबलाखाली दोन वेगळे डबे असू द्या, आणि झाकणावर नाव मोठ्या अक्षरात लिहा.